गाडी उभी होती

धुक्यात गाडी कशी चालवावी, हे मला कुणी विचारलं तर आजही मी नीट सांगू शकतो. मोठा लाईट लावायचा नाही. लावला की उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो आणि समोर चुन्याची भिंत उभी राहते. लहान लाईट ठेवायचा. काच आतून घामेजते, तिच्यावर तमाखूची ओली चिमूट फिरवायची. रस्त्याची डावी कड धरायची. पुढच्या गाडीच्या लाल दिव्यामागे आंधळ्यासारखं जायचं नाही, कारण तो नाल्यात गेला तर आपणही त्याच्या मागोमाग. आणि कडच दिसेनाशी झाली तर गाडी रस्त्याखाली उतरवायची, इंजिन बंद करायचं आणि तमाखू मळत बसायचं. माझे उस्ताद म्हणायचे, “धुकं काय तुझ्या बापाच्या घरी कायमचं राहायला आलंय? ऊन वर आलं की आपलं आपण जातं. तुला एवढी घाई होती तर ड्रायव्हर कशाला झाला, तार व्हायचं होतं.”

हे सगळं मला त्या सकाळीही पाठ होतं. म्हणून माझ्या सासऱ्यांचा पाय गेला तो माझ्या अडाणीपणामुळे, असं म्हणायची सोय मला नाही. गावात म्हणतात, आबा धुक्यात नाल्यावरच्या मोरीवरून घसरले. आबा स्वतः तेच सांगत. मी कधी काही सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर मान हलवली.

ते घसरले नव्हते.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी धुळ्यात एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे गाडीवर होतो. शेठची जीप लष्कराच्या लिलावात घेतलेली, वर ताडपत्री, बाजू उघड्या. लग्न होऊन दोनेक वर्षं झाली होती. सासर भडगाव आणि पाचोरा यांच्या मधल्या एका खेड्यातलं, गिरणेच्या काठचं. सासरे बेताचे शेतकरी, पण गावात शब्दाला मान. सगळं गाव त्यांना आबाच म्हणे.

माझा त्यांच्यावर राग होता. कशाचा, ते सांगतो. ऐकून हसू येईल, पण सांगायला बसलोय तर सगळंच सांगावं.

लग्नाच्या पंगतीत दोंडाईच्याकडच्या कुणा पाहुण्याने आबांना विचारलं, “जवाई काय करस हो?” आबा वाढप्याला हाक मारत होते, तसेच वळून म्हणाले, “शेठनी मोटर हाकस.” त्यावर पलीकडून एकजण ओरडला, “आमना सालदार बी गाडी हाकस भो! त्याले बी एखादी पोर दखा!” पंगत हसली. आबाही हसले.

एवढंच. पण तो ‘हाकस’ माझ्या कानात बसला. सालदार बैल हाकतो, गुराखी ढोरं हाकतो, आणि मी मोटार हाकतो. मी तर परवाना काढलेला माणूस. शेठकडे लागल्यापासून घरची बोली सोडून शहरी मराठी बोलू लागलेला. खरं तर आमच्या अहिराणीत गाडी हाकतातच, मग ती बैलाची असो की पेट्रोलची. माझी आईसुद्धा शेजारणींना मोठ्या ऐटीत सांगायची, “मना पोऱ्या मोटर हाकस.” तिचा मला कधी राग आला नाही. म्हणजे शब्द मला कळला नाही, असं नव्हतं. मला राग धरायचा होता, आणि जावयाला राग धरायला आमच्याकडे मोठं कारण लागत नाही. तो त्याचा हक्कच.

तो मी पुरेपूर वसूल केला. सासरी गेलो की दुसरी पोळी घेत नसे. विचारलं तेवढंच बोलायचो, तेही शहरी मराठीत, समोरच्याला परकं वाटावं असं. आबा कधी रागावले नाहीत. “जवाईबुवाले गादी टाका,” “जवाईबुवाले तूप वाढा.” त्यांच्या त्या नम्रपणाने माझं टाळकं आणखी तापे. वाटे, हा म्हातारा मनात हसतो आहे.

त्या हिवाळ्यात बायको माहेरी होती. शेठने यंत्राचा एक भाग पाचोऱ्याच्या जिनिंगमध्ये पोचवायला मला पाठवलं. तो पोचवून मी शेठला न विचारता जीप सासरी नेली. बायकोला घेऊन सकाळी लवकर निघायचं आणि शेठ दोंडाईच्याच्या बाजाराला निघायच्या आत धुळ्यात हजर व्हायचं, असा बेत. जीप घेऊन सासरच्या दारात उतरायची हौसही होतीच. ती मी कबूल करतो.

रात्री जेवताना आबा म्हणाले, “जवाईबुवा, सकाय धुई पडी. गिरनाकाठनी धुई वाईट ऱ्हास. उन पडनावर निंघा.”

आमच्याकडे धुक्याला धुईच म्हणतात. मी ताटातून मान वर न करता म्हटलं, “शेठ धुई बघून थांबत नाही, आबा. आम्हाला गाडी हाकायची असते.”

‘हाकायची’वर मी जोर दिला होता. त्यांना तो लागायला हवा होता. ते म्हणाले, “हां, ते बी खरं शे,” आणि ताकाची वाटी उचलली. त्यांच्या गावीही नव्हतं. यात समाधान मानायचं, तर मला उलट चीड आली. दोन वर्षं मी ज्या शब्दावर कुढलो, तो त्यांच्या ध्यानातही नव्हता.

सकाळी अंगणातली विहीर दिसत नव्हती. गोठ्यातल्या बैलांचे श्वास ऐकू येत, बैल दिसत नव्हते. सासूबाईंनी चहा आणला. मी म्हटलं, “उशीर होतोय.” कपबशी त्यांच्या हातातच राहिली. जावयाला गावच्या शिवेपर्यंत पोचवायची आमच्याकडे रीत. त्याला वाटे लावणं म्हणतात. आबा धोतर नेसून, डोक्याला उपरणं गुंडाळून तयारच होते. जीपमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले. बायको मागे.

“आबा, तुम्ही कसाले येतस? थंडी किती शे,” ती म्हणाली.

“शीववर उतरी जासू. पाय शेतस ना माले,” आबा म्हणाले.

गावाबाहेर पडलो आणि मी मोठा लाईट लावला. चूक होती. लावला, कारण लहान लाईट लावणं म्हणजे धुई आहे असं मान्य करणं. समोर पांढरं झालं. काच घामेजली. खिशात तमाखूची पुडी होती, ती काढली नाही. धोतर नेसलेल्या म्हाताऱ्यासमोर खेडवळासारखी काचेवर तमाखू चोळायची मला लाज वाटली. बाहीने पुसली. बाहीने पुसलेली काच दुसऱ्या क्षणाला पुन्हा भरते.

शीव कधी गेली ते कुणालाच कळलं नाही. आबांनी हळूच विचारलं, “कड दखास का तुम्हले?”

“दिसते.”

दिसत नव्हती. लगेचच डावं चाक रस्त्याखाली उतरलं, जीप कलली आणि मागे बायकोचं डोकं ताडपत्रीच्या कांबीवर आपटलं. ती “आई गं!” म्हणाली. मी जीप पुन्हा वर घेतली. 

आता इथे दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर आबांनी त्याला सरळ सांगितलं असतं, “लाव रे गाडी बाजूले. मरानं शे का?” मला मात्र सांगणं आबांना जमेना. वाटे लावलेल्या जावयाला अडवायचं नसतं, आणि माझ्यासारख्या रुसक्या जावयाला तर नाहीच. मला ‘जरा थांबू’ म्हणता येईना, कारण रात्री थांबायचं त्यांनी सांगितलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. जीप उभी केली की ते जिंकले. दोघं शहाणे आपापला मान सांभाळत त्या भिंतीत शिरत होतो.

मग आबांनी वाट काढली. “थोडी हाळू करा,” म्हणाले आणि चालत्या जीपमधूनच खाली उतरले. “मी पुढे चालस. मनं धोतर दखा नि येऊ द्या.”

मागून बायको म्हणाली, “अहो, थांबवा ना गाडी. उजाडू द्या.”

“तुझे वडीलच म्हणतात ना, येऊ द्या?” मी म्हटलं.

ते डाव्या चाकाच्या रेषेत, रस्त्याच्या कडेने चालू लागले. मी पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धवट दाबून, त्यांच्या मागे. एक पांढरं धोतर आणि खाली काळ्या वहाणा, त्यापलीकडे जग नाही. मधूनमधून ते मागे न पाहता हात हलवत, “येऊ द्या, येऊ द्या.” बैलगाडी अवघड जागेतून काढताना पुढे चालणारा माणूस बैलांना बोलावतो, अगदी तसं. इंजिन तापत होतं. क्लचवरचा पाय भरून आला होता. मला वाटू लागलं, हे मुद्दाम सावकाश चाललेत. मला दाखवायला, की बघ, तुझी मोटार माझ्या वहाणांच्या मागे चालते.

मी हॉर्न दिला. ते दचकले नाहीत. चालही वाढवली नाही.

मोरी आली. नाल्यावरची जुनी दगडी मोरी, कठडा नसलेली. खाली नाला कोरडा, नुसते गोटे. मोरीच्या मध्यावर ते थांबले आणि न वळता हात सरळ वर केला. हलवला नाही. थांबा, म्हणून.

मी ब्रेक दाबला. जीप उभी राहिली. त्यांच्यात आणि बंपरमध्ये हातभरही अंतर नव्हतं. ते तसेच उभे, हात वर, मान थोडी तिरकी. काही ऐकत असल्यासारखे. मला मात्र त्यात एकच दिसलं. शेवटी याने मला थांबवलंच.

क्लचवरून पाय घसरला, असं नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पाय घसरला नाही. मी ब्रेक सोडला आणि क्लच सोडला. सगळा नाही. इतकाच, की बंपर त्यांच्या पोटऱ्यांना टेकावा आणि म्हाताऱ्याने दचकून उडी मारावी. मला त्यांना उडी मारताना बघायचं होतं. याहून जास्त मनात नव्हतं. पण एवढं होतं.

जीपने गचका खाल्ला. धोतर डाव्या बाजूला गेलं आणि दिसेनासं झालं. खालून आवाज आला, आधी गोट्यांचा, मग त्यांचा.

आणि मग मला घुंगरं ऐकू आली. आबा जी ऐकत होते ती. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आली नव्हती. बॉनेटसमोर धुक्यातून बैलांची दोन तोंडं निघाली. त्यांच्यामागे कापसाने फुगलेली गाडी, रस्त्याइतकीच रुंद, आणि तिच्यामागे आणखी गाड्या. आबा थांबले नसते तर मी त्या बैलांवर गेलो असतो.

गाडीवाल्याने कासरा ओढला. “कोन शे रे? काय व्हयनं?”

मी उतरलो. माझ्याआधी बायको नाल्यात उतरली होती. गाडीवाले उतरले, कंदील आणला. आबा गोट्यांत पडले होते आणि डावी पोटरी नको त्या दिशेला वळली होती.

“अरे, हाई ते आबा शेत! आबा, कसा काय पडनात?”

आबांनी दातांवर दात धरले होते. म्हणाले, “पाय सटकना.”

“आणि मोटर?” गाडीवाल्याने माझ्याकडे पाहत विचारलं. “मोटरनी ते नही ना उडाव?”

“नही रे. गाडी ते उभी व्हती.”

“म्हातारा मानूसले पुढे चालाले लावं का जवाईबुवा? तुम्हना डोयाले काय व्हयनं?” दुसरा एकजण मला म्हणाला.  उत्तर आबांनी दिलं, “मीच उतरनू. त्या नको म्हनी ऱ्हायंतात.”

मी नको म्हटलं नव्हतं.

त्यांनी आबांना उचललं. पुढच्या गाडीवर कापसात निजवलं. गाड्या आबांच्या गावावरूनच पाचोऱ्याला चालल्या होत्या. आबा म्हणाले, “घर ली चाला. हाडवैद्य बसाडी दी.” मग मला, “तुम्ही निंघा, जवाईबुवा. शेठ वाट दखी ऱ्हायना व्हई.”

माझ्या जीपचं तोंड धुळ्याकडे होतं. धुळ्यात मोठा सरकारी दवाखाना होता. जीपची मागची बाजू रिकामी होती. ‘त्यांना जीपमध्ये घाला,’ एवढं वाक्य मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. डॉक्टर विचारणार, पोटरीवर मागून मार कसा लागला. कागद होणार, पोलीस येणार, शेठला कळणार की जीप रात्रभर सासरी होती. हे सगळं त्या थंडीत मला फार भराभर सुचलं. गाडी कशी उभी करावी, हे मात्र सकाळभर सुचलं नव्हतं.

बायकोने जीपमधली आपली पिशवी काढली. “मी आबांबरोबर जाते,” म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी जीप मोरीवरून मागे घेऊन एका बाजूला केली, गाड्या तिला घसटून धुक्यात गेल्या. आबांचं कण्हणं काही वेळ घुंगरांत ऐकू येत होतं.

मग मी जीप मोरीपलीकडे नेली, रस्त्याखाली उतरवली आणि इंजिन बंद केलं. उस्तादांनी शिकवल्याप्रमाणे. ऊन वर येईपर्यंत बसलो. धुई विरली. दोन्ही बाजूंना हरभरा होता, रस्ता सरळ होता. पारोळ्यावरून मी धुळ्याला वेळेत पोचलो. शेठ गादीवर होता. “धुंद बहुत होगी रस्ते में?”

“होती.”

“फिर भी टैम पे आ गया. शाबास.”

हाडवैद्याने हाड बसवलं, ते वाकडं बसलं. पाय आखूड झाला. पुढे गुडघाही आखडला. आबांचं शेतात जाणं बंद झालं. बांधावरून चालता येईना, नांगरामागे उभं राहता येईना. गावाने ज्याला विचारून पेरणी करावी, तो माणूस ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागला, “वापसा उना का रे?” जमीन पेरणीजोगी झाली का, म्हणून. बायको आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, माहेरी राहिली. मी आणायला गेलो तेव्हा आली. घरात तिने काही कमी केलं नाही, पण मी चालवत असलेल्या गाडीत पुन्हा बसली नाही. कुठे जायचं असलं की म्हणे, “मी बसने येते.”

मी दरवर्षी सासरी जात राहिलो. आता मी दुसरी पोळी घ्यायचो, तिसरीही घ्यायचो. रुसायचं तोंडच राहिलं नव्हतं. आबा काठी टेकत समोर येऊन बसत, माझी चौकशी करत. कुणी पायाचा विषय काढला की म्हणत, “धुईम्हा सटकनू. गाडी ते उभी व्हती.” हे ते माझ्यासमोर म्हणत, आणि दर वेळी जरा जास्तच स्पष्ट म्हणत. माझा राग गेला असेल असं कुणाला वाटेल. गेला नाही. आधी त्यांनी मला कमी लेखलं म्हणून होता, आता त्यांनी मला सोडून दिलं म्हणून. मनात येई, एकदा शिव्या तरी घाला. गावासमोर काठीने मारा. पण तो माणूस आपल्या खोट्याने मला बांधून ओट्यावर बसला होता.

त्यांचं शेवटचं आजारपण सुरू झालं तेव्हा आम्ही दोघं बसने गेलो. दुपारची वेळ. ते पडवीत बाजेवर टेकून बसले होते, सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मला वाटलं, आता नाही तर नाहीच.

“आबा, त्या दिवशी गाडी उभी नव्हती.”

“कोनती गाडी?”

“जीप. मोरीवर. मी ती तुमच्या अंगावर सोडली. मुद्दाम.”

त्यांनी आखूड पाय दोन्ही हातांनी उचलून बाजेवर सरळ ठेवला. त्यावरून हात फिरवला. म्हणाले, “उभी व्हती.”

“आबा, मी स्वतः सांगतोय—”

“उभी व्हती सांगस ना मी!” त्यांनी काठी बाजेच्या खुरावर आपटली. “बठ्ठा गावले सांगेल शे. इतला वरीस सांगी ऱ्हायनू. आते तू मनी जीभ खोटी करस का?”

पहिल्यांदाच त्यांनी मला ‘तू’ म्हटलं.

मग आवाज उतरवून, पण तितक्याच रागाने म्हणाले, “माले काय समजनं नही का? बंपर लागना तो मना पायले लागना. पन मनी पोर तुना घर शे. गाडी उभी नव्हती, इतलं मी बोलतू, ते त्याच दिन तिले कायमनी घर आनी लेतू. मंग तिनं काय व्हतं? सांग.”

त्यांनी काठी बाजेला टेकवून ठेवली.

“आते तुले हलकं व्हवानं शे. मना पाय लीसन हलका व्हस? नही. ऱ्हाऊ दे तुनं तुनापान.”

माझं माझ्यापाशीच राहणार होतं. मी मान वर केली तर बायको दारात उभी होती. हातात औषधाचा काढा. कधीची उभी होती, कळायला मार्ग नाही. आबांनी तिला पाहिलं आणि त्याच सुरात, जरा मोठ्याने म्हणाले, “गाडी उभीच व्हती. ये बेटा, दे ते.” तिने पेला दिला. ते प्यायले. तिने पेला घेतला, पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि आत गेली.

परतीच्या बसमध्ये तिने मला काही विचारलं नाही. पुढे आबा गेले. दहाव्याला गाव जमलं, पुन्हा ती गोष्ट निघाली, धुईची, मोरीची. कुणी तरी खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

आज आमच्या घरात आम्ही दोघंच असतो. मी गाडी चालवणं सोडलं आहे. हे लिहिलेलं मी तिला दाखवलेलं नाही. पण छापून आलं तर ती वाचेल. घरात येणारा छापलेला कागद ती वाचल्याशिवाय टाकत नाही, वाण्याच्या पुडीचासुद्धा. मग ती मला विचारेल, किंवा विचारणार नाही, किंवा पिशवी काढेल. जिच्यासाठी आबांनी जन्मभर खोटं सांगितलं तिलाच मी हे सांगतो आहे. म्हणजे त्यांचं काही तरी मी आणखी एकदा मोडतो आहे, हे मला कळतं.

तरी सांगतो आहे.